मुरलेला जाळ

…तर आमच्या आईनं, केशरबाईनं, शामदादाच्या हातातली ती काचेची नळी घेतली, दोन्ही डोळ्यांना लावली आणि तिचं बूच शोधायला लागली, इथवर काल आलो होतो. तेवढ्यात आतून जेवायची हाक आली आणि तुम्ही सगळे उठून गेलात. गोष्ट अशी निम्म्यावर टाकू नये, सांगणाऱ्याच्या पोटात दुखतं. आता नीट बसा.

बूच काही सापडेना. तेव्हा आई म्हणाली, "शाम, गंगा येवढी पांढरी असती व्हय रे?"

"काकू, गंगा नाही ती. पारा आहे."

"पारा? म्हंजी म्हादेवाचाच की! मग तर लईच चांगलं. उघड, थेंब थेंब समद्यांस्नी देते."

"हे तीर्थ घेतलं तर सगळ्या आळीला एकदम काशी घडेल, काकू. आणि परतीचं तिकीट नाही."

आळीतल्या चार बाया हातावर पदर पसरून उभ्या होत्या, त्या एकमेकींकडं बघत माघारी गेल्या. आई मात्र हटली नाही. काशीहून माणूस येतो आणि गंगाजल आणत नाही, हे तिला पटेचना. शेवटी शामदादा म्हणाला, "पुढच्या वेळी नक्की आणतो." हे 'पुढच्या वेळी' ध्यानात ठेवा. पुढं लागणार आहे.

आता आळीचा दोष नव्हता. शामकांत विष्णू नेवासकर हा आमच्या कोल्हारचे पंचांग सांगणारे जोशी विष्णुपंत यांचा एकुलता एक मुलगा. जोश्याचा मुलगा काशीला शिकायला गेला म्हटल्यावर वेद शिकायलाच गेला असणार, असं गाव धरून चाललं होतं. मलाच काय ते ठाऊक होतं, कारण चौथीपर्यंत आम्ही गावच्या शाळेत एका चटईवर बसलो होतो. तो माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. पण त्या वेळी एका खोलीत चार इयत्ता बसायच्या, त्यामुळं विद्या सगळ्यांना एकदमच यायची. माझी तिथंच थांबली. त्याची नगरला गेली, नगरहून पुण्याला, आणि पुण्याहून थेट काशीला, तिथल्या पदार्थविज्ञानाच्या प्रयोगशाळेत. तिथं तो पाण्याला, तेलाला, कशाकशाला उकळी कशी येते हे मोजत बसायचा. विष्णुपंतांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले होते, "आमच्या घरात सात पिढ्या बायका हेच करतात, त्यांना कुणी पदवी दिली नाही."

बेचाळीस सालच्या श्रावणात पंतांचं उजवं अंग गेलं. शामदादाची आई त्याच्या लहानपणीच गेलेली. तार गेली आणि तो आला. येताना एक वळकटी, पुस्तकांची पेटी, आणि छातीशी धरलेली ती नळी. हातभर लांब, जर्मन काचेचा थर्मामीटर. काशीच्या त्याच्या सरांनी तो वापरायला दिलेला होता. सर म्हणाले होते, "जूनअखेर तुझी जागा राखतो. तोवर गावात रिकामा राहू नकोस. जिथं काही उकळत असेल तिथं हा घेऊन बस. शंभर मोजण्या नीट घेऊन आलास, तर तुझा निबंध छापू आणि मग तुला इथून कुणी हलवणार नाही."

तिसगावची आत्या आषाढात येऊन भावाजवळ राहायला तयार होती. म्हणजे सगळं जुळत होतं. फक्त शंभर मोजण्या पाहिजे होत्या. आणि कोल्हारात उकळणारं काय आहे, हे का मी सांगायला पाहिजे? प्रवरेच्या काठाला ऊस, आणि दिवाळीपासून होळीपर्यंत आमचं गुऱ्हाळ.

आमचे वडील पुंजाराम. सगळं गाव त्यांना तात्या म्हणे. तात्या गुळव्या होते. गुळव्या म्हणजे गुळाचा वैद्य समजा. रस काहिलीत, म्हणजे भल्यामोठ्या पसरट कढईत, उकळतो, मळी काढतात, दोन-अडीच तास जाळ चालतो. पण काहील चुलाणावरून उतरवायची कधी, हे एकटा गुळव्या सांगतो. क्षणभर आधी उतरली तर गूळ पाझरतो, क्षणभर उशीर झाला तर करपतो. तात्या काय करायचे, बोटं गार पाण्याच्या बादलीत बुडवायचे, तशीच उकळत्या काकवीत घालायचे, चिमूट काढायचे आणि झटक्यात परत बादलीत. पाण्यात त्या चिमटीची गोळी झाली, की "उतरा!" आधी पाणी, मग पाक, मग पाणी. ओल्या बोटाला पाक धरत नाही आणि पोळत नाही. मी हे सहाव्या वर्षापासून बघत होतो आणि विसाव्या वर्षापासून स्वतः करत होतो. माझा हात त्या चालीनं न विचारता चालायचा. हेही ध्यानात ठेवा.

पहिल्या दिवशी शामदादानं एका भांड्यात नुसतं पाणी उकळलं आणि नळी बघितली. साडेअठ्ठ्याण्णव. चरकावरचे गडी माना वाकवून बघत होते. एक म्हणाला, "शंभराला उकळतं म्हनला हुता की!"

"समुद्राकाठी शंभराला. आपण उंचावर आहोत, म्हणून कमी."

"घ्या! आपल्या गावात समदंच दोन बोटं कमी."

त्या दिवसापासून दुपारची काहील शामदादाची. एक काहील म्हणजे एक मोजणी. सकाळी पंतांचं अंघोळपांघोळ, जेवण, औषध. ते झोपले की हा गुऱ्हाळावर. मांडीवर वही, हातात नळी, दर पाच मिनिटांनी आकडा. गड्यांना मजा वाटायची. मला तर जत्राच वाटायची. आणि खरी गंमत सांगू? तात्या "उतरा!" म्हणायचे तेव्हा पारा दर वेळी एकशे सतरा-अठरावर असायचा. तात्यांची पाठ नळीकडं, शामदादाची पाठ तात्यांकडं, आणि दोघं एकदम बोलायचे. एकदा तात्यांनी सांगितल्यावर पारा एकशे पंधरावरच होता. शामदादा म्हणाला, "तात्या, आज घाई झाली." तात्या म्हणाले, "तुझ्या नळीला ठावं न्हाई, आजचा ऊस खारवट रानातला हाय. ह्यो आधीच उतरावा लागतो." शामदादानं ते वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

पण त्याला छळत होती ती दुसरीच गोष्ट. रसाला उकळी फुटली की पारा थांबायचा. खालून चिपाडाचा जाळ भडभडून चाललाय, घंटा झाला, दीड घंटा झाला, आणि पारा तिथल्या तिथं. जरा सरकला तर सरकला. शामदादाला कारण माहीत होतं, शिकून आला होता. पण त्याला ते आपल्या माणसांच्या तोंडून ऐकायचं होतं. एके दुपारी त्यानं सगळ्यांना विचारलं, "इतका वेळ जाळ घालता. नळी म्हणते, रस मघाइतकाच तापलाय. मग जाळ जातो कुठं?"

एक म्हणाला, "धुराड्यातनं वर." दुसरा म्हणाला, "चुलाण खातंय." मी म्हणालो, "नळी नादुरुस्त हाय." तात्या झाऱ्यानं मळी काढत होते. वर न बघता म्हणाले, "जातोय कुठं? मुरतो."

"म्हणजे?"

"म्हंजी काय इचारतो? वळवाचं पानी रानात पडतं, वर दिसतं का? म्हनून काय पडलं न्हाई? मुरतं. तसा जाळ रसात मुरतो. दिसत न्हाई, पर आत हाय."

"कशावरनं आत आहे?"

तात्यांनी झारा ठेवला. काहिलीवरच्या वाफेकडं बोट केलं. "आधनाचं पानी हातावर सांडलं तर पोळतं. पर वाफ लागली तर त्याच्या दुप्पट सोलून काढती. का? तर वाफंत मुरलेला जाळ हाय. हाताला लागून तिचं पानी झालं, की समदा जाळ भाईर येतो. इचार तुझ्या केशरकाकूला, भाकरीच्या तव्यापेक्षा भाताच्या झाकनानं जास्ती भाजलंय तिला."

शामदादा चिपाडाच्या ढिगावर बसला तो उठेचना. म्हणाला, "तात्या, हे शोधायला विलायतेत एका माणसाला दहा वर्षं लागली."

तात्या म्हणाले, "त्याची बायको भात करत नसंल."

सगळी वही इंग्रजीत होती. त्या पानावर त्यानं पहिला मराठी शब्द लिहिला: मुरतो.

आता वाईट भाग सांगतो, आणि तो भराभर सांगतो.

माघ महिना. सत्तर काहिली झाल्या होत्या. तात्या थंडीतापानं घरी पडलेले, त्यामुळं गुळव्या मी. एकाहत्तरावी काहील निम्म्यावर आली आणि पंतांकडून निरोप आला, कळशी घ्यायला गेले आणि पडले. शामदादा उठला. नळी माझ्या हातात दिली, खिशातलं घड्याळ दिलं, वही दिली. म्हणाला, "बन्सी, दर पाच मिनिटांनी. आणि शेवटचा आकडा चुकवू नकोस, सगळं त्याच्यावर आहे." आणि धावला.

मी एकही आकडा चुकवला नाही. चौथी शिकलेला गडी मी, पण ते आकडे बघा, अजून त्या वहीत आहेत, शामदादाच्या आकड्यांपेक्षा सुबक. पाक दाटला, वर बुडबुड्यांची फुलं पडायला लागली. एका हातात नळी, दुसऱ्या हाताची बोटं बादलीत, मग पाकात, मग बादलीत. गोळी झाली. नळी बघितली, एकशे सतरा. "उतरा!" म्हणून ओरडलो आणि नळीला पाक चिकटलेला, तो घट्ट व्हायच्या आत धुवायला पाहिजे, म्हणून ज्या चालीनं बोटं गेली त्याच चालीनं नळीही बादलीत गेली. आधी पाक, मग पाणी. वर्षानुवर्षांची सवय ती. बोट आणि काच यातला फरक तिला काय ठाऊक?

आवाज काही मोठा झाला नाही. हरभऱ्याचा घाटा फुटावा एवढाच. बादलीच्या तळाशी पाऱ्याचे मणी पळत होते.

शामदादा परत आला तेव्हा मी बादलीपुढं बसून होतो. पंतांना फारसं लागलं नव्हतं म्हणून तो जरा हसतच आला. मग त्यानं बादलीत बघितलं. मी वाट बघत होतो, आता मारतो, मग मारतो. तो म्हणाला, "तुझा हात कापला नाही ना?" मी मान हलवली. मग म्हणाला, "शेवटचा आकडा?"

"एकशे सतरा."

त्यानं तो वहीत तपासला. गुरंढोरं पितील म्हणून पाणी लांब खड्ड्यात ओतायला लावलं, पारा विषारी. मणी तेवढे कागदानं गोळा करून एका औषधाच्या बाटलीत भरले. आणि घरी गेला.

तुम्ही म्हणाल, सत्तर-एकाहत्तर मोजण्या तर झाल्या होत्या, तेवढ्या पाठवायच्या! पाठवल्या ना. तिकडून उत्तर आलं, की मोजण्या संपल्यावर नळी काशीला आणून तपासायची असते, ती खरं सांगत होती की नाही. वजनं झाल्यावर तराजूचा काटा परत बघतात तसं. फुटलेल्या नळीची साक्ष कोण धरणार? दुसरी नळी आणा म्हणावं तर लढाई चाललेली. नगरला नाही, पुण्याला नाही, जर्मन काच तर नावालाही नाही. आमची आई एक दिवस म्हणाली, "नगरच्या डाक्तरकडं ताप बघायची नळी असती, ती आन की." शामदादा त्या महिन्यात पहिल्यांदा हसला. "काकू, ती काहिलीत घातली तर तिलाच ताप चढून मरेल."

जूनअखेरीला सरांचं पत्र आलं. जागा दुसऱ्याला दिली. फार वाईट वाटलं, असं सरांनी दोनदा लिहिलं होतं.

गाव कसं असतं! कुणाच्या हातून मडकं फुटलं, कंदिलाची काच तडकली, की म्हणायचे, "बन्सीवानी काशी फोडली का रं?" लग्नाच्या पंगतीतसुद्धा म्हणायचे. मीही हसायचो. न हसून काय करता?

शामदादानं गावात मास्तरकी धरली. पण रोज सकाळी शाळेआधी तो नगर-मनमाड सडकेवर जाऊन उभा राहायचा. मनमाडची मोटार जायची तिथून. लढाईत पेट्रोल नाही म्हणून मागं कोळशाची शेगडी लावलेली, धूर ओकत यायची. मनमाडला गाडी बदलली की पुढं काशी. मोटार थांबायची, ड्रायव्हर म्हणायचा, "बसा मास्तर." हा म्हणायचा, "उद्या." ती दिसेनाशी झाली की परत फिरायचा. पंत बिछान्यावरून म्हणायचे, "काशीस जावे नित्य वदावे. शामू, नुसतं म्हटलं तरी पुण्य लागतं रे." तो म्हणायचा, "पंत, तुमच्या काशीला तसं चालतं. माझ्या काशीला जावंच लागतं."

एके सकाळी मोटार सडकेवरच बसली. उतारू खाली उतरून ड्रायव्हरला शिव्या द्यायला लागले, कोळशावर कधी मोटार चालती का म्हणून. शामदादा पुढं झाला आणि कोळशाचा गॅस कसा होतो, तो इंजनात कसा जातो, हे अर्धा तास सांगत बसला. ड्रायव्हरनंही ऐकलं. मोटार निघाली तेव्हा एक म्हातारा खिडकीतून ओरडला, "मास्तर, ह्ये कुठंतरी लिवून ठिवा!"

त्या दिवाळीला तो परत गुऱ्हाळावर आला. मी त्याच्याकडं बघायचं टाळत होतो. त्याच्या हातात नळी नव्हती, जाळाबद्दल साध्या मराठीत लिहिलेले कागद होते. म्हणाला, "तात्या, उकळी फुटल्यापासून उतरवेपर्यंतचा वेळ मला द्या. मी वाचतो, तुम्ही ऐका."

असं ते पुस्तक झालं. त्याची तऱ्हा ऐका. पुढ्यात तात्या, मी, जाळ घालणारा, चरकावरचे दोघं. शामदादा वाचायचा आणि वाचता वाचता आमच्या हातांवर नजर. कुणाचा हात तंबाखूच्या चंचीकडं गेला, की त्या ओळीला तांबड्या पेन्सिलीची खूण. ती ओळ दुसऱ्या दिवशी बदलून यायची. एका पानाला तर सगळ्यांनी मिळून इतकी तंबाखू खाल्ली, की त्यानं ते पान चुलाणातच घातलं. म्हणाला, "चला, मुरलं." पुस्तकाचं नाव 'जाळ जातो कुठे?'

पुण्याचा एक प्रकाशक छापायला तयार झाला. पण त्यानं कळवलं, 'मुरलेला जाळ' हा शब्द गावंढळ आहे, तिथं 'अप्रकट उष्मा' घालावं. शामदादानं उलट कार्ड टाकलं: "विचारून कळवतो." आणि खरंच विचारायला आला.

"तात्या, अप्रकट उष्मा म्हटलं तर कसं?"

"कोन ही? पुन्याची पाव्हनी का?"

"बाई नाही, तात्या. जाळच."

"मग जाळ म्हन की. तिचं नाव कशापायी घेतो?"

तांबडी पेन्सिल निघाली. कार्ड गेलं. चार महिने पुस्तक अडलं, पण शब्द हलला नाही. शेवटी लढाई संपली, कागद मिळाला, पुस्तक आलं. पहिल्या पानावर 'काहिलीजवळ बसलेल्यांस' असं छापलेलं. तात्यांना वाचता येत नव्हतं. त्यांनी पुस्तक नाकाशी नेलं आणि म्हणाले, "शाई अजून वली हाय. दोन दिस आधी उतरवलं." पण निजताना ते उशाला घेतलं, हे मी बघितलं.

मग पत्रं यायला लागली. भंडारदऱ्याच्या धरणावरच्या एका मुकादमानं विचारलं, भिंत खाली एवढी जाड आणि वर एवढी बारीक का? त्याचं उत्तर लिहिता लिहिता दुसरं पुस्तक झालं, 'भिंत खाली जाड का?' तिसरं 'काठी पाण्यात का वाकते?' वाचणारे कोण, तर शिंपी, तलाठी, घरातल्या सुना. मी तर फुशारून जायचो. पाव्हण्यांना सांगायचो, ह्यातलं ते 'नळी नादुरुस्त हाय' म्हणणारं गाढव म्हणजे मी.

पण सकाळी तो सडकेवर जायचा तो जायचाच. आता मोटार पेट्रोलची झाली होती, लवकर यायची, लवकर दिसेनाशी व्हायची. त्याच्या लिहायच्या चौरंगावर ती पाऱ्याची बाटली. लिहिताना अडला की ती हलवायचा. मणी फुटायचे, परत एक व्हायचे. मी समोर असलो की ती चौरंगाखाली ठेवायचा. हे मला बाटलीपेक्षा जास्त लागायचं. सहा वर्षांत तो मला त्याबद्दल अवाक्षर बोलला नाही आणि मी विचारलं नाही.

एकोणपन्नासच्या चैत्रात विष्णुपंत गेले. जाताना म्हणाले, "मला प्रवरेत नको, काशीला ने. रोज वदलोय, एकदा घडू दे." दुसऱ्या दिवशीच्या मोटारीला ड्रायव्हर म्हणाला, "बसा मास्तर," आणि शामदादा बसला. हातात पंतांच्या अस्थींचं गाडगं, खिशात ती बाटली. सगळं गाव सडकेवर उभं. आई म्हणाली, "ह्यो आता येत न्हाई बघ." मलाही तसंच वाटलं. खरं सांगतो, त्यानं येऊ नये असं मला मनापासून वाटलं.

पंधराव्या दिवशी कार्ड आलं: मंगळवारी बेलापूर स्टेशनावर उतरतो, गाडी घेऊन ये. मी बैलगाडी जुंपून गेलो. तो उतरला, उन्हानं काळवंडलेला, हातात तोंड झाळलेला तांब्याचा गडू.

निम्मी वाट तो पंतांबद्दल बोलला. घाट, पाणी, गुरुजी. मग आपणहून म्हणाला, "प्रयोगशाळेत गेलो होतो. सर थकलेत आता. त्यांना बाटली परत केली. वापरायला दिलेली वस्तू ना ती. त्यांनी हलवून बघितली आणि म्हणाले, पारा पुरता भरला, काच तेवढी यायची राहिली."

तो हसला. मला हसू आलं नाही. बैल आपल्या चालीनं चालले होते. रान उघडं पडलेलं, उसाची खोडवी तेवढी हिरवी. मी कासरा धरून पुढं बघत म्हणालो, "शामदादा, येक इचारू? खरं सांगायचं. माझ्या हातनं नळी फुटली नसती, तर तुमी गेला असता का? आन् गेला असता, तर ती हौस आता गेली का न्हाई?"

मग त्यानं गडू मांडीवर नीट धरला आणि बोलला. तो काय बोलला ते मी घरी आल्या आल्या, चौथीच्या अक्षरात, त्याच्याच पुस्तकाच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून ठेवलंय. त्यात माझा एक शब्द नाही.

"गेलो असतो, बन्सी. त्याच जूनला गेलो असतो. पंतांच्या शेवटच्या दुखण्यात इथं नसतो, पुस्तक झालं नसतं, हे सगळं कळत असूनही गेलो असतो. परवा त्या खोलीच्या दारात उभा राहिलो तर हात आपोआप खुंटीकडं गेला, माझा कोट असायचा तिकडं. दुसऱ्याचा होता. तुझ्यावर राग नव्हता रे कधी. बाटली लपवायचो ती तुला वाईट वाटू नये म्हणून, आणि मलाही. पण हौस गेली का म्हणशील, तर नाही गेली. जाईल कुठं? तात्यांना विचार. आता बैल जरा चालव, केशरकाकूंना गंगाजल द्यायचंय. मागच्या वेळचं राहिलंय."